माळरानाची मोजदाद : जातींची ओळख आणि परिसंस्थांची वर्गवारी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगास सह्याद्रीची सदाहरित वने आहेत, तर पूर्वेस खटाव-माणची उघडी माळराने. महाबळेश्वरी पडणाऱ्या पावसाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच पाऊस खटाव तालुक्याच्या वाट्यास येतो. या तालुक्याचे मुख्य ठाणे वडूज येरळा नदीच्या काठी वसले आहे. हीच येरळा पुढे सांगली जिल्ह्यात उतरून ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. जिल्ह्याच्या निसर्गसंपत्तीचा विषय निघाला की कोयनेचे अरण्य आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेले कासचे पठार यांची नावे प्रथम घेतली जातात. वडूज परिसरातील माळांचा उल्लेख त्यात सहसा येत नाही. दाट झाडी म्हणजे समृद्धी आणि उघडा माळ म्हणजे दारिद्र्य, असा समज जनमानसात रुजलेला आहे.

हा समज केवळ बोलण्यापुरता असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जमिनीला कागदोपत्री जे नाव मिळते, त्यावर तिचे भवितव्य ठरते. ज्या जमिनीची नोंद 'पड' किंवा 'पोटखराबा' अशी होते, ती कोणत्याही कामासाठी मोकळी आहे असे गृहीत धरले जाते. म्हणूनच जैवविविधता मोजायची कशी आणि परिसंस्थांची वर्गवारी करायची कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न जितका शास्त्रज्ञांचा आहे तितकाच तो गावकारभाराचाही आहे.

तीन पातळ्यांवरील विविधता

१९९२ साली रिओ दि जानेरो येथे जैवविविधतेविषयीचा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला. त्यात जैवविविधतेच्या तीन पातळ्या मानल्या आहेत. पहिली, एकाच जातीच्या अंतर्गत आढळणारी आनुवंशिक विविधता. दुसरी, निरनिराळ्या जातींची विविधता. आणि तिसरी, परिसंस्थांची विविधता. भारताने हा करार १९९४ मध्ये मान्य केला आणि २००२ साली जैविक विविधता अधिनियम संमत केला.

या तिन्ही पातळ्यांची उदाहरणे माणदेशात घराशेजारी सापडतात. खिलार जनावरांत म्हसवड आणि आटपाडी महाल हे प्रकार पूर्वापार वेगळे ओळखले जातात. दोन्ही खिलारच, परंतु त्यांच्या ठेवणीत व रंगरूपात फरक आहे. ही पहिली पातळी होय. माळावरील गवते, पाखरे, कीटक, सरडे यांच्या वेगवेगळ्या जाती ही दुसरी पातळी. येरळेचा काठ, काळ्या मातीचे शिवार, मुरमाड माळ, टेकडीचा उतार आणि बांधलेला तलाव या वेगवेगळ्या परिसंस्था, ही तिसरी. यांपैकी एकाच पातळीची मोजणी करून गावाच्या जैवविविधतेचा निष्कर्ष काढणे म्हणजे केवळ दुभत्या जनावरांची संख्या पाहून घराची संपत्ती ठरविण्यासारखे आहे.

नाव चुकले की मोजणी चुकते

मोजणीची पहिली पायरी म्हणजे ओळख. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी द्विनाम पद्धती सर्वत्र लागू केली. या पद्धतीत प्रत्येक जिवाला दोन पदांचे नाव असते. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. त्यांच्या वर कुल, गण, वर्ग, संघ आणि सृष्टी अशा चढत्या पायऱ्या आहेत. बोलीतील नाव गावागणिक बदलते. शास्त्रीय नाव जगभर एकच राहते.

'बाभूळ' हा साधा शब्द घेऊन याची प्रचीती पाहता येते. शेताच्या बांधावरची जुनी बाभूळ आणि उंच, निमुळती वाढणारी रामकाठी बाभूळ हे एकाच जातीचे प्रकार आहेत. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ या मात्र दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या असून त्यांच्या प्रजातीही वेगळ्या आहेत. गावाच्या यादीत या चौघींची नोंद नुसती 'बाभूळ' अशी झाली, तर देशी झाड किती आणि परके किती याचा हिशेब कायमचा बुडतो. शास्त्रीय नावेही अगदी अचल नसतात. २००५ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्र परिषदेतील निर्णयानंतर 'अकेशिया' हे प्रजातीनाम ऑस्ट्रेलियातील झाडांकडे राहिले आणि आपली बाभूळ 'वॅचेलिया' या प्रजातीत गेली. म्हणून नोंद करताना स्थानिक नाव, शास्त्रीय नाव आणि नोंदीचे वर्ष ही तिन्ही लिहिणे इष्ट होय.

पक्ष्यांच्या बाबतीतही असेच घडते. डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी असणारी टिटवी बहुधा पाण्याच्या आसपास वावरते. पिवळ्या मांसल पट्टीची माळटिटवी कोरड्या, उघड्या माळाची रहिवासी आहे. दोघींची नोंद 'टिटवी' म्हणून केली, तर माळटिटवी नाहीशी झाली तरी यादीत काहीच फरक पडणार नाही. जी गोष्ट यादीत वेगळी नव्हती, तिचे जाणेही यादीत दिसत नाही.

ओळखीचे काम अद्याप पूर्ण झालेले नाही, हे सरड्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. गळ्याखाली रंगीत पंखा फुलविणाऱ्या माळावरील सरड्यांची गणना दीर्घकाळ मोजक्याच जातींत होत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात द्वीपकल्पीय भारतातील या सरड्यांच्या पाच नव्या जाती आणि एक नवी प्रजाती वर्णिली गेली. त्या प्रजातीला नाव दिले गेले 'सरडा', म्हणजे आपल्या बोलीतलाच शब्द. या प्रजातीतील एका जातीचे मूळ वर्णन सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील नमुन्यांवरून झाले आहे.

नाव मिळाल्याने संरक्षणाचा मार्गही मोकळा होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली येथे हिरण्यकेशीच्या देवस्थानाजवळील पाण्यात आढळणाऱ्या एका लहान माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० साली झाले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य शासनाने ते स्थळ जैविक विविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

संख्या आणि समतोल

जाती ओळखल्यानंतर त्यांची गणना येते. केवळ किती जाती आढळल्या एवढ्यावर थांबले, तर चित्र अपुरे राहते. समजा, दोन माळांवर प्रत्येकी १०० पक्षी मोजले आणि दोन्हीकडे पाचच जाती आढळल्या. पहिल्या माळावर प्रत्येक जातीचे २० पक्षी आहेत. दुसऱ्या माळावर एका जातीचे ८० आणि उरलेल्या चार जातींचे प्रत्येकी ५ आहेत. जातींची संख्या सारखी असली तरी दोन्ही माळ सारखे समृद्ध आहेत असे म्हणता येणार नाही.

हा फरक अंकांत मांडण्यासाठी सिम्प्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली एक निर्देशांक सुचविला. प्रत्येक जातीचा एकूण संख्येतील हिस्सा काढून त्याचा वर्ग करावयाचा, सर्व वर्गांची बेरीज करावयाची आणि ती एकातून वजा करावयाची. पहिल्या माळावर प्रत्येक जातीचा हिस्सा ०.२०, त्याचा वर्ग ०.०४ आणि पाच जातींची बेरीज ०.२० होते. एकातून वजा केल्यास निर्देशांक ०.८० येतो. दुसऱ्या माळावर वर्गांची बेरीज ०.६५ होते व निर्देशांक ०.३५ इतका खाली येतो. याचा सरळ अर्थ असा की, डोळे मिटून दोन पक्षी निवडले तर ते भिन्न जातींचे असण्याची शक्यता पहिल्या माळावर शंभरात ८० आणि दुसऱ्यावर शंभरात ३५ आहे. हे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थी सहज करू शकतात.

गावाची एकूण बेरीज

परिस्थितिविज्ञानात विविधतेचे आणखी तीन मापदंड आहेत. एका ठिकाणची विविधता, दोन ठिकाणांमधील फरक आणि संपूर्ण प्रदेशाची विविधता. यांस अनुक्रमे अल्फा, बीटा आणि गॅमा विविधता म्हणतात. ही मांडणी व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० साली केली.

पुन्हा एक कल्पित उदाहरण घेऊ. गावाच्या माळावर २० जाती आणि शेजारच्या पडलेल्या शेतात २० जाती आहेत, त्यांपैकी १५ दोन्हीकडे समान आहेत. गावाची एकूण बेरीज २५ होईल. आता माळाची तुलना ओढ्याकाठाशी करू. ओढ्याकाठीही २० जातीच आहेत, परंतु माळाशी समान अशा फक्त ४. येथे बेरीज ३६ होते. प्रत्येक ठिकाणची संख्या तीच असूनही दुसऱ्या जोडीत गाव अधिक संपन्न ठरते, कारण दोन ठिकाणे एकमेकांपासून वेगळी आहेत. गावातील सर्व जमीन एकाच स्वरूपाची करणे म्हणजे ही बेरीज कमी करणे होय. माळावर ओढ्याकाठची झाडे आणि ओढ्याकाठी माळावरची झाडे लावल्याने दोन्हींपैकी कोणाचेच हित होत नाही.

एकाच जातीच्या मोजणीतील धोका

एखादी जात वाढली म्हणजे परिसंस्था सुधारली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. यास उत्तम पुरावा वर उल्लेखिलेल्या चाळकेवाडीच्या पठारावरच मिळाला. या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तेथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात पंखगळ्याच्या सरड्यांची संख्या पवनचक्क्या नसलेल्या भागापेक्षा अधिक आढळली. नुसते सरडे मोजणाऱ्यास हे शुभचिन्ह वाटले असते.

संशोधकांनी मात्र शिकारी पक्षीही मोजले. पवनचक्क्यांच्या परिसरात त्यांची संख्या सुमारे चौपटीने कमी होती. सरड्यांना खाणारेच कमी झाले म्हणून सरडे वाढले होते. त्यांची शारीरिक स्थितीही पूर्वीसारखी नव्हती आणि गळ्याच्या पंख्याचे रंग फिके पडले होते. अन्नसाखळीचा वरचा दुवा सैल झाला की त्याचे परिणाम खालपर्यंत कसे पोहोचतात, हे या मोजणीने दाखवून दिले. पवनऊर्जेची गरज यामुळे नाकारली जात नाही. प्रकल्पाची जागा ठरविण्यापूर्वी काय काय मोजले पाहिजे, हा यातील बोध आहे.

माळ आणि पडीक यांतील फरक

जातींच्या वर्गवारीप्रमाणेच परिसंस्थांचीही वर्गवारी आहे. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतातील वनप्रकारांचे सुधारित वर्गीकरण सिद्ध केले. त्याचा आधार आजही घेतला जातो. ते वर्गीकरण वनांचे असल्याने गवताळ माळ त्यात बहुधा झाडी नष्ट झाल्यानंतर उरलेली अवस्था म्हणून दिसतो. गवताच्या अंगाने पाहणारी दुसरी पाहणी दाबडघाव व शंकरनारायण यांनी केली आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ती १९७३ साली प्रसिद्ध केली. तीत देशातील गवताळ भूमीचे पाच मुख्य प्रकार मानले असून द्वीपकल्पातील माळांचा प्रकार सेहिमा व डायकॅन्थियम या दोन प्रजातींच्या नावाने ओळखला जातो. शेतकऱ्यांच्या परिचयाची पवन्या व मारवेल ही गवते याच दोन प्रजातींतील आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक परिसंस्था-वर्गीकरणातही विरळ झाडांचे माळ व गवताळ प्रदेश यांना वनांपासून वेगळे, स्वतंत्र स्थान आहे.

तथापि, हे माळ म्हणजे पूर्वीच्या जंगलाचे अवशेषच नव्हेत काय, अशी शंका घेतली जाते. काही ठिकाणी ती खरी असेलही. परंतु पश्चिम महाराष्ट्रातील माळांविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या मराठी वाङ्मयातील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासण्यात आले. त्यांत आढळलेल्या ४४ रानटी वनस्पतींपैकी २७ वनस्पती उघड्या, विरळ झाडांच्या माळांच्या निदर्शक होत्या. यावरून हे माळ किमान ७५० वर्षे जुने असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ज्या भूमीवर संतांचा व मेंढपाळांचा वावर शतकानुशतके राहिला, ती भूमी अलीकडची नासाडी म्हणून मोजणे योग्य नव्हे.

वर्गवारीतील या चुकीची किंमत प्रत्यक्षात मोजावी लागते. माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प अथवा सुबाभूळ दाटीने लावली की सावली वाढते आणि उन्हावर जगणारी गवते मागे हटतात. चंडोल, धाविक, माळटिटवी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना दूरवरचे दिसेल अशी मोकळी जागा लागते. कोल्हा, खोकड, लांडगा यांचा निवारा याच भूमीवर असतो आणि मेंढ्यांचे कळपही तिच्याच गवतावर पोसतात. माळढोकासारखा मोठा पक्षी दख्खनच्या माळांवरून जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्यासाठी सोलापूर भागात १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, तरी भोवतालचे माळ आक्रसत गेल्याने त्याला आधार उरला नाही.

खटाव-माणच्या लोकांनी १९७२ चा दुष्काळ सोसला आहे. पाणी अडविणे ही या भागाची जीवनगरज आहे व सलग समतल चर, बांधबंदिस्ती यांचे मोल कोणी कमी लेखू नये. प्रश्न एवढाच की, चर कोठे घ्यावेत आणि झाडे कोठे लावावीत. धूप झालेला उतार, ओढ्याचा काठ, गावठाणाची व रस्त्याची कड या जागा झाडांसाठी योग्य आहेत. चांगले पवन्या-मारवेल टिकून असलेला माळ हा गवतासाठी राखला, तर तो पाणीही मुरवितो आणि चाराही देतो.

तलावांची गोष्ट

मानवनिर्मित परिसंस्थाही कालांतराने मोलाच्या ठरतात, याचे उदाहरण खटाव तालुक्यातच आहे. मायणीचा जुना तलाव आणि वडूजजवळचा येरळवाडीचा जलाशय सिंचनासाठी बांधले गेले. पक्ष्यांसाठी ते कोणी बांधले नव्हते. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की उथळ कडा आणि चिखल उघडे पडतात व रोहित पक्षी तसेच अन्य स्थलांतरित पाणपक्षी तेथे उतरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव' हा वर्ग समाविष्ट झाला. त्यानुसार मायणी, येरळवाडी व परिसरातील पाणथळींचे संवर्धन राखीव क्षेत्र २०२१ मध्ये अस्तित्वात आले. योग्य वर्गात नोंद झाल्यानेच हे शक्य झाले.

येथील गणनेत एक दक्षता अवश्य घ्यावी. रोहित पक्ष्यास उथळ पाणी लागते. एखाद्या वर्षी तलाव तुडुंब भरला तर तो अन्यत्र जातो, तलाव कोरडा पडला तरीही जातो. पक्ष्यांची संख्या घटली असे लिहिताना त्या दिवशीची पाणीपातळी लिहिली नाही, तर ती नोंद दिशाभूल करील. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत केली जाते. ठरलेल्या काळी, ठरलेल्या रीतीने वर्षानुवर्षे मोजणे हेच तिचे बळ आहे.

गावाची नोंदवही

जैविक विविधता अधिनियमाच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे प्रमुख काम आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली. देशभरात अडीच लाखांहून अधिक समित्या स्थापन झाल्या. मुदतीच्या निकडीने समिती स्थापन करता येते. नोंदवही मात्र मुदतीत भरून संपत नाही. ऋतुचक्राबरोबर ती वाढवीत न्यावी लागते.

ग्रामपंचायत व शाळा यांनी मिळून पुढील क्रम ठेवल्यास काम सुलभ होईल.

प्रथम गावाच्या नकाशावर माळ, टेकडी, ओढा, तलाव, बागायत, जिरायत, देवराई असे भाग पाडावेत. येथे सातबाऱ्यावरील शब्द उतरवून न घेता प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे.

दुसरे, पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तिन्ही हंगामांत पाहणी करावी. माळावरील अनेक वर्षायू वनस्पती पावसाळ्यानंतरच्या काही आठवड्यांतच दिसतात.

तिसरे, गवतासाठी एक मीटर लांब-रुंद चौकट वापरावी व प्रत्येक भागात सारख्याच संख्येने चौकटी टाकाव्यात. नव्या चौकटीत नवी जात सापडेनाशी झाली की नमुना पुरेसा झाला असे समजावे. पक्ष्यांसाठी ठरावीक वाट ठरावीक वेळेत चालून गणना करावी.

चौथे, मेंढपाळ, रानभाज्या गोळा करणाऱ्या स्त्रिया, वैदू व जुने शेतकरी यांच्याकडून नावे व उपयोग समजून घ्यावेत. त्यांची माहिती त्यांच्या संमतीनेच नोंदवावी.

पाचवे, न ओळखलेल्या जातीची नोंद तशीच 'अनोळखी' म्हणून ठेवावी आणि तिचे छायाचित्र, स्थळ व तारीख जोडावी. अंदाजाने नाव लिहू नये. महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभाग, तसेच पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षण व भारतीय प्राणी सर्वेक्षण यांची प्रादेशिक केंद्रे यांचे साहाय्य या कामी घेता येते.

अशा नोंदवहीमुळे महसुली दप्तरातील शब्द आपोआप बदलणार नाही. परंतु गायरानावर एखादे काम सुचविले जाईल तेव्हा ग्रामसभेपुढे दोन कागद असतील. एका कागदावर 'पड' एवढाच शब्द असेल. दुसऱ्यावर त्याच गटातील गवतांची, पाखरांची, सरड्यांची व चराईची वर्षवार नोंद असेल. दुसरा कागद तयार असेल, तरच निर्णय पूर्ण माहितीनिशी घेता येईल. तो तयार करण्यास लागणारे साहित्य म्हणजे एक चौकट, एक वही आणि तीन हंगामांचा धीर. आणि हे तिन्ही खटाव तालुक्यातील कोणत्याही शाळेला परवडण्याजोगे आहे.